वाघनखं, बखरी आणि बायबल

२०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती वाघनखं साताऱ्यात आली आणि छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांना बघायला ठेवली गेली. माझा शाळेपासूनचा एक मित्र आहे, सांगलीचाच. तो म्हणाला, "चल, बघून येऊ." गाडी काढली आणि गेलो. पाऊस, रांग, पोराबाळांची गर्दी. काचेमागे ठेवलेली ती वस्तू बघून अंगावर काटा आला, हे आधीच कबूल करतो.

बाहेर येऊन चहा घेताना मात्र माझ्यातला इंजिनियर जागा झाला. मी मित्राला सांगितलं, की या वाघनखांची खरी गंमत तिच्या डबीत आहे. त्या डबीवर इंग्रजीत लिहिलंय, की शिवाजीनं ज्या नखांनी मोगल सरदाराला मारलं ती ही, आणि साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली. आता अफझलखान मोगल कुठला? तो विजापूरच्या आदिलशाहीचा. ग्रँट डफ साताऱ्याला आला १८१८ साली, म्हणजे प्रतापगडच्या प्रसंगानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. मधल्या काळात ही वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली याचा कागद नाही. हीच ती नखं, असं ते म्युझियमसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही. मी अगदी रंगात येऊन सांगत होतो.

मित्र शांतपणे ऐकत होता. कंदी पेढ्यांचा पुडा गाडीत ठेवता ठेवता म्हणाला, "एवढी चिकित्सा तुझ्या बायबलची केलीयस का रे कधी? तीसुद्धा बखरच की."

त्यानं टोमणा मारला नव्हता. आमच्या घरी तो लहानपणापासून नाताळचा फराळ खायला येतो. त्याला खरंच विचारायचं होतं. मी ख्रिस्ती घरात जन्मलो, सांगलीच्या चर्चमध्ये वाढलो, बायबल रोज वाचलं जाताना ऐकलं. आणि नोकरीत माझं काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणं. कराडपर्यंत मी काही बोललो नाही.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. आज जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे "बखर" ही शिवी नाही. आणि बखरीकडे कसं बघायचं हे शिकायला आम्हा सातारा-सांगलीकरांना जर्मनीच्या विद्यापीठात जायची गरज नाही. हे शास्त्र मराठीत रुजलं ते बरंचसं आमच्याच भागात. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो वाईला सापडलेल्या पत्रांवर. पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची वर्णनं आणि कालक्रम पत्रांशी ताडून चुका चव्हाट्यावर आणल्या. ग्रँट डफलाही सोडलं नाही. साताऱ्यात द. ब. पारसनीस कागद, चित्रं, वस्तू गोळा करत होते. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलात संस्कृत शिकवून उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातला एकेक कागद वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापत होते. (त्याच मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभारलं. एका गावात एक माणूस जुने कागद उलगडतोय आणि दुसरा मोतीबिंदू काढतोय, हे चित्र मला फार आवडतं.)

या मंडळींनी घालून दिलेली शिस्त साधी आहे. घटनेच्या काळातला कागद वरचढ, मागाहून लिहिलेली बखर त्याखाली. बखरीतही जवळची आणि लांबची असा फरक करायचा. लिहिणारा कोण, कुणासाठी लिहितोय, त्याला कुठून कळलं, हे विचारायचं. आणि शत्रूच्या कागदात तीच गोष्ट आली असेल तर ती सोन्यासारखी जपायची.

आता प्रतापगडचाच प्रसंग घ्या. खान मारला गेला १० नोव्हेंबर १६५९ रोजी. पुढच्याच महिन्यात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रात ती बातमी आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं आपली बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, ती १६९७ च्या सुमाराला. म्हणजे प्रसंगानंतर अडतीस वर्षांनी. आणि मल्हार रामराव चिटणिसांनी साताऱ्यात आपली बखर लिहिली ती १८१० च्या आसपास, दीडशे वर्षांनी. चिटणिसांची बखर वाचायला जास्त भरघोस आहे. तपशील जास्त, संवाद जास्त. पण इतिहासकार प्रश्न आला की सभासदाकडे वळतात. सभासदाच्याही घटनांचा क्रम मागेपुढे झालेला आहे, तरी तो त्या पिढीतला माणूस. ज्यांनी पाहिलं त्यांना त्यानं पाहिलं होतं.

आता हाच तक्ता नव्या कराराला लावू.

येशूला क्रुसावर दिलं ते इ. स. ३० किंवा ३३ साली, या दोन वर्षांभोवतीच बहुतेक अभ्यासक आहेत. चार शुभवर्तमानांपैकी सगळ्यात जुनं मार्कचं. ते साधारण ७० सालाच्या आसपासचं मानतात. म्हणजे अंतर चाळीस वर्षांचं, सभासद आणि प्रतापगड यांच्यात आहे जवळजवळ तेवढंच! मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी, योहान शतकाच्या शेवटाला. आणि चिटणीस कुठे? तेही आहेत. दुसऱ्या शतकात लिहिलेली काही शुभवर्तमानं सापडली आहेत, जी चर्चनं बायबलमध्ये घेतली नाहीत. थोमाच्या नावावरच्या एका पुस्तकात लहानगा येशू चिखलाच्या चिमण्या करतो आणि त्या उडून जातात. पेत्राच्या नावावरच्या दुसऱ्यात कबरीतून चालत येणारा क्रूस बोलतो. भरघोस, रंगीत, उशिराचं. मार्क शेजारी ठेवून वाचलं की फरक लगेच जाणवतो.

म्हणजे मित्राचं बरोबर होतं. शुभवर्तमानं ही बखरीच आहेत. भक्तानं, भक्तांसाठी लिहिलेल्या. पण सभासदाच्या जातीच्या, चिटणिसांच्या नव्हेत.

मग कागद? मार्कच्याही आधीचे कागद आहेत, आणि ही गोष्ट आमच्या चर्चमध्येसुद्धा कितीजणांच्या लक्षात येते कोण जाणे. पौलाची पत्रं. बायबलच्या छापील क्रमात ती मागे येतात, म्हणून आपल्याला ती नंतरची वाटतात. पौलाच्या नावावर तेरा पत्रं आहेत. त्यातली सात त्याचीच, याबद्दल जवळपास एकमत आहे. बाकीच्यांबद्दल वाद आहे. ही सात साधारण ५० ते ६० सालातली. खरीखुरी पत्रं: कुणावर रागावलाय, कुणाकडे वर्गणी मागतोय, कुणाला माझा झगा नाही पण माझा निरोप पोचव म्हणतोय असा सगळा घरगुती मामला. पटवर्धन दप्तर वाचल्यासारखं वाटतं.

त्याचा काळ कसा ठरतो हेही बघण्यासारखं आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पौलाला करिंथात गल्लियो नावाच्या सुभेदारापुढे उभं केल्याचं येतं. ग्रीसमध्ये डेल्फीला एक शिलालेख सापडला, त्यावरून हा गल्लियो ५१-५२ च्या सुमाराला तिथे होता हे कळतं. एक दगड, आणि अख्खी दिनदर्शिका त्याला टांगलेली.

गलतीकरांच्या पत्रात पौल सहज सांगून जातो, की मी यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. ही भेट क्रुसानंतर पाचेक वर्षांतली. पंधरा दिवस! दोन माणसं पंधरा दिवस एका घरात राहिली तर हवापाण्याच्या गप्पा नक्कीच मारत बसली नसतील. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो, की मला जे सांगण्यात आलं तेच मी तुम्हाला सांगितलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला, पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून जास्त जणांना, त्यातले पुष्कळ अजून हयात आहेत. हे पत्र ५३ ते ५५ च्या दरम्यानचं, आणि त्यात आलेली यादी त्याच्याही आधीची, कुणीतरी पाठ करून ठेवलेली. येशूचा भाऊ होता, माणूस होता, त्याला मारलं, हे सगळं मागाहून रचलेलं आहे असं म्हणणाऱ्यांना या पत्रांचं काय करायचं ते कळत नाही.

शत्रूचे कागद? थोडे आहेत, पण आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस ११६ च्या सुमाराला लिहितो, की ख्रिस्त नावाच्या माणसाला तिबेरियसच्या काळात पंतय पिलातानं मारलं. टॅसिटसला ख्रिस्ती लोक मुळीच आवडत नव्हते, म्हणून त्याचं महत्त्व. ज्यू इतिहासकार जोसेफस ९३-९४ मध्ये दोनदा उल्लेख करतो. त्यातला मोठा उल्लेख नक्कल करणाऱ्या ख्रिस्ती हातांनी फुलवलाय, हे आता आम्हीही मान्य करतो. (आमच्याच लोकांचा आगाऊपणा. तो उतारा जसा होता तसा ठेवला असता तर आज किती उपयोगी पडला असता!) छोटा उल्लेख याकोबाच्या वधाचा, तो अस्सल समजला जातो. आणि १९६१ साली कैसरियाला पिलाताचं नाव असलेला दगड सापडला.

आता माझ्या धंद्यातलं एक. कुठलीही सिस्टिम बंद पडली की आम्ही लॉग तपासतो. चार सर्व्हरचे लॉग सारखंच सांगत असले की नवा पोरगा खूश होतो: चार साक्षीदार मिळाले. जुना माणूस विचारतो, की हे चारही एकाच ठिकाणाहून तर मजकूर उचलत नाहीत ना? कारण मग ते चार नाहीत, एकच आहे. शुभवर्तमानांचं तसंच आहे. मार्कमधला नव्वद टक्क्यांच्या आसपास मजकूर मत्तयमध्ये आहे, कित्येकदा शब्दाला शब्द. लूकनंही मार्क समोर ठेवलाय. तेव्हा "चार चार साक्षीदार आहेत" असं चर्चच्या व्यासपीठावरून सांगितलं जातं ते खरं नाही. मार्क एक, मत्तय आणि लूक यांच्याकडचा वेगळा मजकूर एखाद-दुसरा, योहान आणखी एक, आणि पौल. हा हिशोब कमी वाटतो, पण प्राचीन काळातल्या एका सुताराबद्दल एवढं असणं हे काही थोडंथोडकं नाही.

आणि या साक्षी एकमेकींशी नीट जुळत नाहीत. मंदिरातले सराफ हाकलून देण्याचा प्रसंग योहान सुरुवातीला सांगतो, बाकीचे शेवटी. लूक म्हणतो येशू जन्मला तेव्हा क्विरीनियसची शिरगणती चालू होती. ती झाली इ. स. ६ मध्ये. मत्तय म्हणतो तेव्हा हेरोद राजा होता. तो तर इ. स. पूर्व ४ मध्येच मेला. दहा वर्षांचा फरक. यावर वाट्टेल त्या कोलांट्या मारून दोन्ही जुळवणारी पुस्तकं मी वाचली आहेत, मला ती पटलेली नाहीत. लूक इथे चुकला असं मला वाटतं.

चुकला तर चुकला. शिवरायांच्या जन्मतिथीचा घोळ आपल्याला ठाऊक आहे. बखरींवरून वैशाख शके १५४९ म्हणजे १६२७ हे साल चालत आलं होतं. मग भोरजवळच्या कारीच्या जेध्यांकडची शकावली लोकमान्यांनी १९१६ साली छापली आणि फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली. सरकारनं ती मान्य करायला २००१ उजाडलं. अजून दोन तिथींना जयंत्या होतात. पण तिथी जुळत नाही म्हणून शिवाजी महाराज झालेच नाहीत, असं कुणी म्हणाल्याचं ऐकलंय का?

दुसरा मुद्दा प्रतींचा. "दोन हजार वर्षांत नकला करता करता काय काय बदललं असेल!" हा प्रश्न मला ऑफिसात निदान दहा वेळा विचारला गेलाय. उत्तर असं, की बदललं आहे, आणि कुठे बदललं ते बरंचसं माहीत आहे. ज्ञानेश्वरांच्या हातची किंवा सच्चिदानंदबाबांच्या लेखणीची प्रत आपल्याकडे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, जवळजवळ तीनशे वर्षांनी, घुसलेले पाठ काढून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. भांडारकर संस्थेनं महाभारताच्या १२५९ हस्तलिखितांवरून चिकित्सक आवृत्ती केली. काम १९१९ ला सुरू झालं, १९६६ ला संपलं. ते उभं करणारे सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले. (म्हणजे आमच्याच जातकुळीचे म्हणायला हरकत नाही :) ) व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही आपली लाडकी कथा त्या आवृत्तीत मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. कुणाचंही महाभारत त्यानं कमी झालं नाही.

नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत. बहुतेक नवव्या शतकानंतरची, हेही सांगितलं पाहिजे. पण संपूर्ण म्हणावीत अशी जुनी चौथ्या शतकातली आहेत, आणि योहानाचा तळहाताहून लहान एक पापिरसचा तुकडा मँचेस्टरला आहे, तो दुसऱ्या शतकातला. पाठभेद लाखांत मोजावे लागतात. त्यातले बहुसंख्य ऱ्हस्व-दीर्घाच्या तोडीचे. पण सगळेच नाहीत. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीची गोष्ट, पहिला दगड कुणी मारायचा ती, योहानाच्या सगळ्यात जुन्या प्रतींत नाहीच. मला बायबलमधली सगळ्यात आवडती गोष्ट कुठली असं विचारलंत तर हीच. आणि मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या प्रतींत नाहीत. त्या प्रतींत मार्क संपतो तो रिकाम्या कबरीपासून घाबरून पळणाऱ्या बायकांवर. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. बस्स. कुणा नकलाकाराला हा शेवट सहन झाला नाही आणि त्यानं पूर्ण केला.

जुन्या कराराबद्दल थोडक्यात, कारण तो विषय वेगळा आहे आणि माझा अभ्यास तोकडा आहे. मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून गुंडाळ्या सापडल्या. त्यातली यशयाची गुंडाळी तोवरच्या हिब्रू प्रतींपेक्षा हजार वर्षांनी जुनी, आणि मजकूर आश्चर्य वाटावं इतका तोच. हिज्कीया राजाला अश्शूरच्या सन्हेरीबानं वेढलं, हे बायबलही सांगतं आणि सन्हेरीबाचा स्वतःचा लेखही सांगतो. दाविदाच्या घराण्याचा उल्लेख असलेला दगड १९९३ मध्ये तेल दान इथे सापडला. पण मागे जावं तसतसं धुकं वाढतं. मिसरातून लाखो लोक निघाल्याचा पुराव्यात मागमूस नाही. यरीहोच्या भिंती ज्या काळात पडायला हव्यात त्या काळात तिथे भिंतीच नव्हत्या, हे १९५० च्या दशकातल्या उत्खननात दिसलं. शाळेतल्या रविवारच्या वर्गात आम्ही त्या भिंतींभोवती सात फेऱ्या मारायचो, तुतारी वाजवत. अजून ऐकू येते ती.

इथवर सगळं सोपं होतं. खरी अडचण आता.

सभासदाच्या बखरीत खानाच्या भेटीआधी श्रीभवानी महाराजांशी बोलते, यश येईल असं सांगते. सभासद जवळचा साक्षीदार आहे, प्रामाणिक आहे. इतिहासकार काय करतो? भेट झाली हे घेतो, खान मेला हे घेतो, महाराजांची देवीवर अपार श्रद्धा होती हेही घेतो. आणि देवी बोलली यावर गप्प बसतो. खोटं म्हणत नाही, पण इतिहासात लिहीत नाही. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले याबद्दलही हेच.

मग मी ईस्टरबद्दल काय करणार? माझ्या देवाचा चमत्कार तो इतिहास आणि माझ्या मित्राच्या देवीचा चमत्कार ती श्रद्धा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ख्रिस्ती बाजूनं लिहिलेल्या पुस्तकांत हा प्रश्न सहसा येतच नाही, कारण लिहिणाऱ्याच्या शेजारी भवानीचा भक्त राहात नसतो. आमच्या शेजारी राहतो. वाटीनं साखर मागायला येतो.

पुनरुत्थानाच्या बाजूनं जे आहे ते मी कमी लेखत नाही. दावा मागाहून वाढत गेलेला नाही, अगदी पहिल्या काही वर्षांतला आहे. कबरीपाशी पहिल्यांदा गेल्या त्या बायका; त्या समाजात बाईच्या साक्षीला किंमत फार कमी होती, रचणाऱ्यानं मरीया मग्दालीया निवडली नसती. पेत्रानं तीनदा मी त्याला ओळखत नाही म्हटलं, हे स्वतःच्या पुढाऱ्याबद्दल कोण उगाच लिहून ठेवेल? याकोब जिवंतपणी भावावर विश्वास ठेवत नव्हता, नंतर त्याच्यासाठी मेला. पौल तर छळणाऱ्यांतला. यांना काहीतरी झालं. काय झालं, याबद्दल त्यांची खात्री इतकी होती की त्यांनी जन्म त्यावर लावला. माझ्या मते इतिहासाची वही इथपर्यंत येते. कबरीपाशी कोण होतं, एक तरुण का दोन देवदूत, शिष्यांना तो गालीलात दिसला का यरुशलेमेत, यावर चौघांचं जमत नाही. आणि समजा जमलं असतं तरी "मेलेला माणूस उठला" हे वाक्य राजवाड्यांच्या शिस्तीत बसलं नसतं. तिथून पुढचं पाऊल मी टाकतो ते इतिहासकार म्हणून टाकत नाही. आणि ते टाकताना शेजाऱ्याच्या पावलाला हसायचा हक्क मी सोडून देतो.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. त्यानं अर्थातच विचारलं, "मग तू मानतोस कशाला?"

त्याला मी साताऱ्याचीच गोष्ट सांगितली. रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटची वर्षं, १९१७ पासून, साताऱ्यात राहिले. मिशनची नोकरी सोडून तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना. पारसनीस त्याच गावात जुने कागद जमवत होते त्याच काळात. टिळकांचा बदल कसा झाला ते प्रसिद्ध आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन माणसाशी गप्पा झाल्या. त्यानं नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांना तो माणूस काही विशेष पटला नाही, पण पुस्तक वाचायचं ठरवलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनापाशी, जे अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं ते 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे, ते मी सांगायला नको.

टिळक काही भोळे नव्हते. संस्कृत येत होतं, वाद घालता येत होता. पण त्यांनी हस्तलिखितं मोजली नाहीत, पिलाताचा दगड तर तेव्हा जमिनीखालीच होता. त्यांना एक माणूस बोलताना ऐकू आला आणि त्या आवाजापुढे ते थांबले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. पंडिता रमाबाईंनी तर उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसून अख्खं बायबल नव्यानं मराठीत आणलं, १९०५ ते १९२२, मरेपर्यंत. एवढी वर्षं एकेका शब्दाशी झगडणाऱ्या बाईला पाठभेद आणि विसंगती माझ्यापेक्षा जास्त दिसल्या असणार. तरी ती सोडून उठली नाही.

माझंही थोडंफार तसंच आहे. कागदांनी मला एवढंच सांगितलं, की हा आवाज कुणी घरी बसून रचलेला नाही, तो खरोखर गालीलातल्या कुणाचा तरी आहे. हे कळणं माझ्यासाठी महत्त्वाचं होतं. ते खोटं निघालं असतं तर मी थांबलो असतो, हे आईला सांगायची हिंमत झाली नसती, पण थांबलो असतो. शत्रूवर प्रेम करा, हे ज्यानं सांगितलं त्याला मारताना त्यानं मारणाऱ्यांना क्षमा केली, असं लूक लिहितो. (काही जुन्या प्रतींत ती ओळ नाही. मला ठाऊक आहे.)

मित्र म्हणाला, "बरं, पाठव मग काहीतरी वाचायला. जाड नको." मी मार्क पाठवला. सोळा अध्याय, दीड-दोन तासांत होतो. बदल्यात त्यानं सभासदाची बखर दिली आहे, त्याच्या वडिलांची, पेन्सिलच्या खुणांसकट. शेवटच्या बारा ओव्यांचं मी त्याला काही सांगितलेलं नाही. कुठे हात बदललाय ते त्याला वाचताना जाणवतं का, बघू.